मत्स्यपेटीचें पाणी आणि तें मोजणारीं यंत्रें

रंगीत मासे पहावयाचे तर मुंबईस गेलें पाहिजे, अशी आमच्या लहानपणीं समजूत होती. 1951 सालीं तेथें मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि सुटींत मुंबईस जाऊन आलेला वऱ्हाडांतील मुलगा पुढें सहा महिने वर्गांत त्याचेंच वर्णन करीत असे. आतां वरुडासारख्या गांवींही दहा घरांत एका घरीं बैठकीच्या कोपऱ्यांत काचेची पेटी दिसते. तिला मुलें फिशटँक म्हणतात. ज्या घरांत मासळीचें नांव काढलें तर आजीबाई पदर नाकाला लावतात, त्या घरांतही सोनेरी मासा पाहुण्यासारखा राहतो व त्याच्या खाण्याची वेळ कोणी चुकवीत नाहीं. ह्याविषयीं आमची कांहीं तक्रार नाहीं. मुलांस कांहीं काळ स्तब्ध बसून एखाद्या जीवाकडे पाहण्याची सवय लागत असेल, तर ती पेटी घरांत असलेली बरी.

परंतु त्या पेटीपाठोपाठ आणखी एक वस्तु घरांत येऊं लागली आहे, आणि तिच्याविषयीं दोन-तीन वाचकांनीं आम्हांस विचारलें आहे. ती म्हणजे पाणी मोजण्याची लेखणीवजा विजेरी यंत्रें. टोक पाण्यांत बुडवावें, कळ दाबावी, कीं चौकटींत आंकडा उमटतो. ह्या यंत्रांस किती पैसा घालावा आणि त्या पैशाचें मोल काय, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. तो वाटतो तितका लहान नाहीं.

बाजारांत ह्यांचे मुख्य प्रकार तीन. टीडीएस मीटर दोनशेंपासून पांचशें रुपयांपर्यंत मिळतो. पीएच मीटर साधारण पांचशें ते हजारांत. तिसरा प्रकार म्हणजे एकाच दांडींत चार-पांच मापें असलेला, हातांतील मोबाइलवर आंकडे पाठविणारा. त्यास कांहीं हजार रुपये पडतात. दुकानागणिक दर थोडेफार बदलतात. खोकें जितकें चकचकीत तितका आंकडा खरा, असा मात्र नियम नाहीं.

टीडीएस म्हणजे पाण्यांत विरघळलेल्या एकूण पदार्थांचें मान. नांव असें असलें तरी यंत्र तें प्रत्यक्ष मोजीत नाहीं. टोकाशीं असलेल्या दोन बारीक दांड्यांमधून तें अत्यल्प वीज सोडतें आणि ती पाण्यांतून किती सहज वाहते एवढेंच पाहतें. क्षार विरघळलेले असले कीं वीज अधिक वाहते. त्या वाहकतेच्या मानास यंत्र एका ठराविक गुणकानें, बहुधा 0.5 नें, क्वचित् 0.7 नें, गुणतें व दशलक्षांत अमुक भाग म्हणून सांगतें. म्हणजे एकच पाणी दोन चांगल्या यंत्रांत घातलें तरी गुणक निराळा असल्यामुळें एक 300 सांगेल व दुसरें 420. साखरेचा पाक त्यांत घातला तर आंकडा जवळजवळ हलणार नाहीं, कारण विरघळलेली साखर वीज वाहून नेत नाहीं. विरघळलेला पदार्थ चुना आहे, मीठ आहे, कीं खत आहे, हेंही यंत्रास कळत नाहीं. कांहीं तरी आहे व तें सुमारें इतकें आहे, एवढेंच त्याचें ज्ञान.

न्यायशास्त्राचा पहिला पाठ ज्यांनीं घेतला आहे त्यांस हें सांगावयास नको. प्रत्येक प्रमाणाचा विषय ठरलेला असतो. डोळ्यास रूप कळतें, शब्द कळत नाहीं. म्हणून डोळा खोटा ठरत नाहीं, पण डोळ्यांनीं गाणें ऐकूं पाहणारा फसतो. ह्या लेखण्यांविषयीं आमचें म्हणणें एवढ्यांतच आलें. पुढील सारें त्याचें विवरण आहे.

आमच्या आळींतील एका बिऱ्हाडीं गेल्या चैत्रांत दोन फुटी पेटी आणिली. बारा मासे, खालीं पांढरी वाळू, हवेचा पंप, आणि दुकानदारानें आग्रहानें गळ्यांत घातलेला टीडीएस मीटर. पाणी घरच्या बोअरचें. मीटर 310 दाखवी. दुकानदारानें सांगितलें कीं, आंकडा पांचशेंच्या आंत असला म्हणजे काळजी नको. सहाव्या दिवशीं मासे वर येऊन तोंडें उघडूं लागले. दहाव्या दिवशीं बारांतून नऊ गेले. घरांतील आठ वर्षांचा मुलगा रोज सकाळीं उठून मीटर बुडवी आणि आंकडा वहींत लिही; त्या दहा दिवसांत तो आंकडा 310 चा 325 झाला, इतकेंच. मुलगा विचारी, ‘पाणी चांगलें आहे, मग हे मरतात कां?’ मोठ्यांपैकीं कोणास उत्तर देतां आलें नाहीं. दुकानदारानें उत्तर दिलें तें असें कीं, ह्याहून भारी मीटर घ्या.

मुलाच्या प्रश्नाचें उत्तर असें आहे. मासा जें खातो त्याचा कांहीं अंश अमोनिया होऊन त्याच्या कल्ल्यांतून पाण्यांत उतरतो. न खाल्लेलें अन्न कुजून तोच पदार्थ उत्पन्न होतो. नदींत तो वाहून जातो. पेटींत जावयास वाट नाहीं. निसर्गानें त्याची सोय जिवाणूंकडे दिली आहे. एका जातीचे जिवाणु अमोनियाचें नायट्राइट करितात, दुसरे त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात, आणि नायट्रेट माशांस तितकें बाधत नाहीं. सर्गेई विनोग्राडस्की नांवाच्या रशियन शास्त्रज्ञानें 1890 च्या सुमारास हे जिवाणु वेगळे काढून दाखविले. परंतु नव्या पेटींत ते नसतात. वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर त्यांची वस्ती व्हावयास चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या अवधींत बारा मासे एकदम सोडणें म्हणजे चूल न मांडलेल्या घरांत वऱ्हाड उतरविण्यासारखें आहे.

आणि हा अमोनिया टीडीएस मीटरास जवळजवळ दिसत नाहीं. मासा मारण्यास दशलक्षांत एक-दोन भाग पुरेसा होतो. 310 च्या ठिकाणीं 312 झाले तर कोणाचें लक्ष जाणार? नळाच्या पाण्यांतील क्लोरिनचीही तीच गोष्ट. ब्लीचिंग पावडर घातलेलें ताजें पाणी कल्ले जाळून टाकतें, आणि मीटर आपला शांत. तें पाणी एक दिवस उघड्या बादलींत ठेवावें, हा फुकटचा उपाय दुकानांत सहसा सांगत नाहींत.

येथें वरुडच्या पाण्याचा विशेष ध्यानांत घेतला पाहिजे. सातपुड्याच्या पायथ्याशीं काळ्या खडकांत मुरलेलें आमचें पाणी जड आहे. डाळ शिजावयास वेळ लागतो, बंबाच्या तळाशीं पांढरा थर बसतो, हें आमच्या भगिनींस शास्त्राशिवायच ठाऊक आहे. खोल बोअरचें पाणी वर येतें तेव्हां त्यांत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. तो हवेंत उडून गेला कीं पाण्याचा अल्कधर्म वाढतो. नुकतें काढलेलें पाणी पीएच 7 च्या जवळ असलें तर पेटींत एक दिवस पंप चालल्यावर तें 8 च्या घरांत गेलेलें आढळतें. आतां अमोनियाचीं पाण्यांत दोन रूपें असतात, एक सौम्य व एक विषारी. 25 अंश उष्णतेच्या पाण्यांत पीएच 7 असतां शंभरांतून सुमारें अर्धा भागच विषारी असतो. पीएच 8 झाला कीं तोच पांच भागांवर जातो. पाणी तापलें कीं आणखी वाढतो. शिवाय तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. 25 अंशांस लिटरांत सुमारें 8 मिलिग्रॅम, तर 35 अंशांस सुमारें 7. वैशाखांत आमच्या बैठकी काय तापतात तें सांगावयास नको. तेव्हां पुण्यास किंवा कोंकणांत जी पेटी निभावेल तीच येथें निभावेल असें मानूं नये. येथील पाणी आणि येथील ऊन दोन्ही माशांच्या विरुद्ध बाजूस उभीं आहेत.

मग पीएच मीटर घ्यावा काय? ह्या यंत्राचा इतिहास संत्र्याच्या तालुक्यांतील लोकांस ठाऊक असावा असा आहे. पीएच ही मोजणी 1909 सालीं सोरेनसेन नांवाच्या डेन्मार्कमधील रसायनज्ञानें बसविली, तीही कोपनहेगनच्या एका बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत. परंतु ती मोजणारें सुटसुटीत यंत्र झालें तें फळांमुळें. कॅलिफोर्नियांतील फळबागाईतदारांच्या सहकारी संघाकडे ग्लेन जोसेफ नांवाचा रसायनज्ञ होता. त्यास लिंबाच्या रसाची आम्लता मोजावयाची असे. रसांत टिकण्यासाठीं गंधकाचा वायु मिसळलेला असल्यानें लिटमसचा रंगच उडून जाई. तो आपल्या जुन्या सहाध्यायाकडे, अर्नोल्ड बेकमन ह्यांच्याकडे गेला, आणि बेकमननें 1934 सालीं त्याला एक यंत्र करून दिलें. तें बाजारांत आलें तेव्हां त्याची किंमत 195 डॉलर होती. आंबट फळाच्या पोटीं जन्मलेलें हें यंत्र नव्वद वर्षांनीं शेंदुरजना घाटच्या कलमवाल्याच्या खिशांत मावूं लागलें, आणि तेंही एका क्रेट संत्र्यांच्या किंमतींत. विलायतेंतील शोध आपल्याकडे उशिरा येतो, पण येतो तेव्हां स्वस्त होऊन येतो.

स्वस्त झाला, तरी नाजुकपणा गेलेला नाहीं. पीएच मीटराच्या टोकाशीं पातळ काचेचा बुडबुडा असतो; तो वाळला कीं आंकडा भरकटतो. त्यास टोपणांत पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावांत ओला ठेवावा लागतो. पुष्कळ लोक स्वच्छतेच्या बुद्धीनें तो बॅटरीच्या शुद्ध पाण्यांत बुडवून ठेवतात. त्यानें तो लवकरच बिघडतो. यंत्राबरोबर 4.01, 6.86 व 9.18 अशा मापांच्या पुड्या येतात. त्या पाण्यांत विरघळवून महिन्यांतून एकदां तरी आंकडा जुळवून घ्यावा लागतो. काचेचें आयुष्य एक-दोन वर्षांचें. म्हणजे सातशें रुपयांचें यंत्र हें एकदांचें सातशें नसून दरसालचा खर्च आहे. शिवाय पीएचचें माप चढत्या पायरीचें आहे. 7 आणि 8 ह्यांत एकाचें अंतर दिसतें, पण तें दहापटीचें असतें. अर्ध्या अंशाची चूक करणारें यंत्र म्हणूनच नुसतें निरुपयोगी नव्हे, अपायकारकही आहे, कारण तें विश्वासानें खोटें सांगतें.

ज्या घरांत दरमहा यंत्र जुळविणारा एक तरी चिकट माणूस आहे, त्यांनीं तें अवश्य घ्यावें. असा माणूस नसेल तर थेंब टाकून रंग पाहण्याची साधी पेटी घ्यावी. अमोनिया, नायट्राइट व पीएच ह्यांच्या थेंबांच्या बाटल्या मत्स्यपेट्यांच्या दुकानांत कांहीं शेंकड्यांत मिळतात. वापरण्याची मुदत मात्र बाटलीवर पाहून घ्यावी. नळींत पाणी भरा, थेंब टाका, पांच-दहा मिनिटें थांबा, आणि पुठ्ठ्यावरील रंगांशीं ताडून पहा. चौकटींत आंकडा उमटत नाहीं म्हणून मुलांस तें जुनाट वाटतें. परंतु मासे वांचवावयाचे तर अमोनिया मोजला पाहिजे, आणि वर सांगितलेल्या स्वस्त लेखण्या तो मोजीत नाहींत. वरील बिऱ्हाडीं आम्हीं हाच सल्ला दिला. उरलेले तिघे मासे आहेत, रोज थोडें पाणी बदलतात, आणि नवे मासे पावसाळा लागेपर्यंत आणावयाचे नाहींत असें ठरलें. मुलानें आपल्या वहींत आंकड्यांशेजारीं रंगाचा रकाना आंखला आहे.

ह्यावरून टीडीएस मीटर अगदींच टाकाऊ, असें कोणी समजूं नये. त्याचें एक खरें काम आहे, आणि तें उन्हाळ्यांतच. कूलरच्या वाऱ्यांत पेटीचें पाणी झपाट्यानें आटतें; आटतें तें नुसतें पाणी, क्षार मागें राहतात. पन्नास लिटरांच्या पेटींतून दहा लिटर उडाले आणि 300 आंकड्याच्या बोअरच्या पाण्यानें तूट भरली, तर पेटीचा आंकडा 360 होतो. पांच वेळां असें केलें कीं 600. काचेवर पांढरी रेघ चढते ती ह्याचीच. नुसती भर न घालतां दर आठवड्यास चौथा हिस्सा काढून नवें पाणी घालावें, आणि आंकडा मूळ पाण्याच्या फार वर गेला कीं अधिक बदलावें. ह्या कामास दोनशें रुपयांचा मीटर पुरतो व उत्तम पुरतो. कारण येथें आपण त्यास नेमकें त्याच्या विषयाचेंच विचारतों.

खरी काळजी आम्हांस निराळीच आहे. मत्स्यपेटीसाठीं आणिलेली ही लेखणी तेथेंच राहत नाहीं. चार दिवसांनीं ती माजघरांत जाते व पिण्याच्या माठांत बुडते. आंकडा 280 आला कीं घरांत समाधान, 700 आला कीं घबराट. दोन्ही अस्थानीं. भारतीय मानक ब्यूरोच्या 2012 च्या प्रमाणांत विरघळलेल्या पदार्थांची इष्ट मर्यादा 500 व दुसरें पाणी नसल्यास 2000 पर्यंत सवलत आहे; म्हणजे 700 हें विष नव्हे. उलट नायट्रेटची मर्यादा 45 असून तींत सवलत नाहीं. बागाईत गांवांत, जेथें झाडाखालीं खत पडतें आणि जेथें गोठे व शोषखड्डे विहिरीच्या जवळ आहेत, तेथें नायट्रेट पाण्यांत उतरण्याचा संभव असतो. एखाद्या पाण्याचा टीडीएस 280 असून त्यांत नायट्रेट 80 असूं शकेल. लेखणी ‘उत्तम’ म्हणेल. मोठ्या माणसास तें चटकन् बाधत नाहीं, पण वरच्या दुधाची पूड अशा पाण्यांत कालवून तान्ह्या मुलास पाजली तर त्याचें रक्त प्राणवायु वाहीनासें होतें व अंग निळें पडतें. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत विहिरींच्या पाण्यानें असें घडल्याचें डॉ. हंटर कॉमली ह्यांनीं 1945 सालीं दाखवून दिलें. असें पाणी उकळल्यानें नायट्रेट जात नाहीं. पाणी आटून उलट तें दाट होतें. आणि पटकी-काविळीचे जंतु तर ह्या यंत्रास मुळींच दिसत नाहींत.

ह्याच भीतीवर एक धंदा चालतो, तोही सांगून ठेवतों. कांहीं विक्रेते दारीं येऊन दोन पेल्यांत पाणी घेतात, एक तुमचें व एक त्यांच्या यंत्रांतून निघालेलें. दोहोंत दांड्या बुडवून वीज सोडतात. तुमच्या पेल्यांत तांबूस-काळा गाळ उठतो, त्यांचें पाणी निर्मळ राहतें. घरांतील मंडळी थरारतात. तो गाळ पाण्यांतील नसून त्या लोखंडी दांडीचा गंज असतो. तुमच्या पाण्यांत क्षार असल्यामुळें वीज वाहते व दांडी झिजते, त्यांच्यांत क्षार नसल्यामुळें वाहत नाहीं, इतकेंच. आपल्या देखत त्यांच्या पेल्यांत चिमूटभर मीठ टाकावें. तोही तसाच काळा होतो, व विक्रेता आपला पसारा आवरतो.

टीडीएस मीटराचें मोल समजावयाचें तर वरुडाहून पश्चिमेस दर्यापुराकडे जावें. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. सुमारें नऊशें गांवें त्यांत येतात. तेथें एका विहिरीचें पाणी जिभेवर धरवत नाहीं, तर दुसरें निभावतें. कोणतें पाणी पिकास द्यावें, पावसाचें साठविलेलें गोड पाणी किती मिसळावें, हें तेथें त्या लहानशा लेखणीनें क्षणांत कळतें. त्या मुलखांत मुलगी दिली असेल तर आहेराबरोबर हा मीटर द्यावयास आमची हरकत नाहीं. येथें वरुडांत प्रश्न खारेपणाचा नसून पाणी उरण्याचा आहे. संत्र्यापायीं उपसा इतका झाला कीं आमचा तालुका भूजलाच्या अतिशोषित तालुक्यांत गणला गेला. पाणी किती खोल गेलें हें सांगणारी लेखणी अजून कोणी विकावयास आणिली नाहीं.

वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या दकार्गल अध्यायांत विहिरीचें गढूळ किंवा कडू पाणी सुधारण्यासाठीं नागरमोथा, वाळा, आंवळकाठी व निवळीचें बीं ह्यांचें चूर्ण घालण्यास सांगितलें आहे. आणि निवळीवरून मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत असा दृष्टान्त आहे कीं, तें बीं पाणी निवळवितें खरें, पण नुसतें त्याचें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं. आंकडा वाचल्यानेंही नाहीं.

तेव्हां विचारणाऱ्या वाचकांस आमचें उत्तर असें. मत्स्यपेटीसाठीं स्वस्त टीडीएस मीटर एक व अमोनियाचे थेंब एक, एवढें घ्यावें; हजारांच्या वरचें, मोबाइलशीं बोलणारें यंत्र घेऊं नये. पिण्याच्या पाण्यासाठीं ह्यांपैकीं कशावरही विसंबूं नये. विहिरीचें अगर बोअरचें पाणी पीत असाल, आणि विशेषतः घरांत बाळंतीण असेल, तर पाण्याचा नमुना सरकारी पाणी-प्रयोगशाळेंत देऊन नायट्रेट, फ्लोराइड व जंतु ह्यांची तपासणी करून घ्यावी. खेडेगांवांत 2019 च्या जलजीवन योजनेखालीं तपासणीच्या पेट्या दिल्या असून त्या वापरण्यास गांवोगांवच्या पांच-पांच स्त्रियांस शिकविण्याची तरतूद आहे. आपल्या गांवीं ती पेटी कपाटांत पडली आहे कीं वापरांत आहे, हें घरांतील सुनांनीं एकदां विचारून यावें.

राहतां राहिलें मीटर खरा कीं खोटा हें ओळखणें. सोनाराच्या कांट्यावर अर्धा ग्रॅम मीठ तोलून घ्यावें, एक लिटर बॅटरीच्या पाण्यांत पूर्ण विरघळवावें व मीटर बुडवावा. गुणक 0.5 असलेल्या मीटरांत आंकडा 500 च्या आसपास आला पाहिजे. 700 च्या जवळ आला तर यंत्राचा गुणक 0.7 आहे असें समजून तसें टोपणावर लिहून ठेवावें. ह्या दोहोंशीं कांहींच जुळत नसेल तर दुकानदारास परत करावा. आयोडीनचें मीठ चालतें, कारण त्यांतील आयोडीनचा अंश ह्या हिशेबांत दिसण्याइतका नसतो. सैंधव घेऊं नये.